माल पोचण्याआधी बोल

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून दिवाळीच्या चौकश्या सुरू झाल्या, असं तू परवा फोनवर म्हणालीस तेव्हा फार बरं वाटलं गं. मशीन घेतलीस, गाळा घेतलास, हाताखाली दोन मुली आल्या. तुझं काम सुबक आहे, छपाईतलं तुला काही शिकवायला नको. पण त्याच फोनवर हळूच म्हणालीस, ‘ताई, लोकांशी बोलायचंच टेन्शन येतं. अट घातली की पार्टी नाराज होते, म्हणून मी हो हो म्हणत ऑर्डर घेते आणि मग निस्तरत बसते.’ ते तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय. आज निवांत आहे, तर मनातलं सगळं सांगून टाकते.

आपल्याकडे येणारा माणूस नाव-लोगोचे टी-शर्ट, बाटल्या, पिशव्या वर्षातून एकदा करून घेतो, फार तर दोनदा. तू हेच रोज करतेस. कुठला रंग दगा देतो, कुठल्या कापडावर काय टिकत नाही, कुठे चार दिवस जास्त जातात, हे सगळं तुला ठाऊक असतं आणि त्याला त्यातलं काहीच नसतं. म्हणून तो विचारणारही नाही. काय विचारायचं हेच त्याला माहीत नसतं. ज्याला माहीत आहे त्याने आधी बोलायचं, एवढंच मला तुला सांगायचंय. माल हातात पडल्यावर तीच गोष्ट सांगितलीस तर ती सबब वाटते. तीच ऑर्डरच्या आधी सांगितलीस तर समोरच्याला वाटतं, बाईला कामातलं कळतं.

लाल ड्रायफिट टी-शर्टवर पांढरा लोगो, ही मागणी तुझ्याकडे येणारच. क्रिकेटच्या स्पर्धा, कंपनीचे क्रीडादिन, सगळ्यांना लाल हवा असतो. आता आतली गोष्ट तुला माहीत आहे. पॉलिएस्टरला दिलेला रंग उष्णतेने सुटतो आणि वरच्या शाईत शिरतो. छपाई भट्टीतून बाहेर येते तेव्हा पांढरा अगदी शुभ्र दिसतो. तू समाधानाने घड्या घालतेस, गठ्ठे बांधतेस. मग कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने, गठ्ठा सोडला की लोगो गुलाबी! पार्टीला वाटतं शाई हलकी वापरली. तू कितीही जीव तोडून सांगितलंस तरी त्या वेळी ते कोणाला पटत नाही.

हेच पहिल्या भेटीत सांग. त्याला रसायनशास्त्र नको असतं, डोळ्याला काय दिसेल आणि खिशाला काय पडेल तेवढं हवं असतं. ‘या लाल कापडावर पांढरा काही दिवसांनी गुलाबी पडू शकतो. तसं होऊ नये म्हणून खाली रंग अडवणारा एक थर द्यावा लागतो, त्याचे नगामागे इतके रुपये जास्त. किंवा सुती कापड घ्या, त्यात ही भानगड नाही. किंवा लोगो काळा करू.’ तीन वाटा दाखवल्यास आणि निवड त्याच्यावर सोडलीस, की घासाघीस कमी होते. कारण आता तो तुझ्याशी भाव करत नसतो, आपल्याला काय हवंय ते ठरवत असतो.

दुसरी गोष्ट, तू कोणाशी बोलतेयस ते आधी ओळख. कारखान्यातून फोन येतो तो बहुतेक वेळा एचआरमधल्या एखाद्या नव्या मुलीचा. ती गोड बोलते, लगेच ‘छान आहे मॅडम’ म्हणते. पण ठरवणारे असतात तिचे साहेब, पैसे सोडणारे असतात अकाउंट्सवाले आणि माल उतरवून घेणारे स्टोअरवाले. त्या चौघांचं आपसात बोलणं झालेलं असतंच असं नाही. म्हणून तिला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचार, ‘नमुना कोण ओके करणार? बिल कोणाच्या नावाने? पीओ निघणार का?’ ती बिचकत नाही, उलट तिला आधार वाटतो. तिची नोकरी नवी असते आणि चूक झाली तर पहिला ओरडा तिलाच बसणार असतो. मी तर तिच्यासाठी मुद्दाम एक पानाचा कागद करून देते, तिने जसाच्या तसा साहेबांना पुढे पाठवावा असा. वस्तूचा फोटो, कापड, लोगोची जागा, दर, दिवस, सगळं त्या एका पानावर. आपलं म्हणणं तिच्या तोंडून अर्धवट पोचण्यापेक्षा ते बरं.

गणपती मंडळाचं काम असेल तर उलटी तऱ्हा. तिथे पाच कार्यकर्ते पाच निरोप देतात. एक म्हणतो पाठीवर मंडळाचं नाव, दुसरा म्हणतो देणगीदाराचं, तिसरा रात्री अकराला नवीन डिझाइन पाठवतो. सगळे आपुलकीने बोलतात म्हणून आपल्याला तोडता येत नाही. पण प्रेमाने सांगता येतं, ‘दादा, तुमच्यातला एक जण नेमून द्या, मी त्याचंच ऐकेन.’ आणि मग खरोखर त्याचंच ऐकायचं.

आता मॅटरविषयी. पार्टी लोगो पाठवते तो बहुधा व्हॉट्सॲपवर आलेला, दहा ठिकाणांहून फिरून बारीक झालेला. ६४० पिक्सेलचं चित्र चांगल्या छपाईला जेमतेम दोन इंचांपर्यंत पुरतं आणि त्यांना ते पाठीवर दहा इंच हवं असतं. ‘फाइल चालणार नाही’ एवढंच म्हणालीस तर त्यांना काही कळत नाही. त्यापेक्षा तोच लोगो दहा इंचाचा करून, फाटलेल्या कडा दाखवून त्यांना परत पाठव. ‘मूळ कोरल फाइल किंवा पीडीएफ असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नसेल तर आम्ही नव्याने काढून देऊ, त्याचे वेगळे पैसे.’ दाखवलं की वाद मिटतो.

आणि मराठी मजकुराला जास्त जप. आपल्या लिपीचे हाल या धंद्यात मी पाहिलेत. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर उघडली, तिथे तो फॉन्ट नसला, की जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या जागा सोडतात. ‘कऱ्हाड’मधला र तर हमखास फसतो. म्हणून अक्षरं कर्व्ह करूनच पुढे द्यायची, हे तुला माहीत आहेच. पण प्रूफ पार्टीला पाठवताना नुसतं चित्र पाठवून थांबू नकोस. सेवापूर्तीच्या मानचिन्हावर एखाद्याचं नाव असतं, तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याच्या घरात ते कायमचं राहणार असतं. तिथे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर त्या माणसाचा अपमान होतो. म्हणून प्रूफसोबत एक ओळ लिही: ‘नावं, पदं आणि तारखा तुम्ही स्वतः, शक्य तर मोठ्याने वाचून तपासा. आम्ही तुम्ही दिलेल्या मजकुराप्रमाणेच छापणार आहोत.’ तू स्वतः वाचायचंच, पण त्यांच्या माणसाचं नाव त्यांनाच नक्की माहीत असणार. भरतकाम असेल तर आणखी एक सांगायचं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर धाग्यात बुजतं, आणि आपल्या लिपीला वर मात्रा, खाली उकार, म्हणजे अक्षर त्याहून मोठं हवं. लोगोखालचं बारीक घोषवाक्य भरतकामात येणार नाही, हे पंचिंगच्या, म्हणजे टाक्यांची फाइल बनवण्याच्या, आधी सांग.

रंगाचंही तसंच. मोबाइलच्या काचेतला रंग उजेडाचा असतो, कापडावरचा शाईचा. दोन मोबाइलवर तो एकसारखा दिसत नाही. मोठ्या कंपनीला पँटोनचा नंबर मागायचा, लहान पार्टीला शेडकार्डावर बोट ठेवायला लावायचं. ‘फोटोत दिसतो तसाच’ हे शब्द मात्र तोंडातून काढू नकोस.

साइजबद्दल एक तळमळीने सांगते. कंपन्या सरसकट पुरुषी मापाचे टी-शर्ट घेतात आणि लाइनवर काम करणाऱ्या बायकांना ‘एम द्या, एल द्या’ करून टाकतात. खांदे उतरलेले, लांबी गुडघ्याकडे चाललेली. त्या बायका तो घालत नाहीत आणि पैसे वाया जातात. तू विचार, ‘बायका किती आहेत? त्यांच्यासाठी वेगळं माप घेऊ का?’ आणि प्रत्येक मापाचा एक कोरा नग दोन दिवसांसाठी कंपनीत ठेवायला दे, लोकांना अंगाला लावून बघू दे. छातीचे इंच लिहिलेला तक्ता पाठवून भागत नाही. आपल्या लोकांना स्वतःचे इंच पाठ नसतात.

भाव सांगताना तुझा आवाज खाली जातो, ते मला फोनवरही कळतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, बाळा. २० नगांचा दर २०० नगांच्या दरापेक्षा जास्त का, हे लोकांना खरंच कळत नाही आणि त्यांना वाटतं आपल्याला फसवतायत. हिशोब उलगडून दाखव. तीन रंगांचा लोगो म्हणजे तीन स्क्रीन. एका स्क्रीनला ४०० रुपये धरले तर १,२०० झाले. ते २० नगांवर वाटले तर नगाला ६० रुपये, २०० वर वाटले तर ६ रुपये. स्क्रीन तेवढेच, ते बनवायची मेहनत तेवढीच. हे एकदा कागदावर मांडून दाखवलंस की पार्टीच विचारते, ‘मग एका रंगात केलं तर?’ मग काम सुरळीत होतं.

जीएसटी धरून की वगळून, भाडं कोणाचं, पॅकिंगमध्ये पिशवी आहे का, हे सगळं भावाच्या शेजारीच लिही, खाली बारीक अक्षरात नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे, पण डायरी, बाटली यांचे दर आपापले. नव्या कामगारांसाठी सगळ्या वस्तू एका पेटीत घालून एकच किंमत लावलीस, तर त्यातला सर्वांत चढा दर पूर्ण पेटीला लागू शकतो. म्हणून किटचं कोटेशन देण्याआधी सीएला विचार आणि पार्टीलाही कारण सांग. नाहीतर बिलाच्या दिवशी आकडा फुगलेला दिसतो आणि संशय तुझ्यावर येतो.

ॲडव्हान्स मागायला लाजतेस ना? आपल्या मापाचा शिवलेला ब्लाउज दुसऱ्या कोणाच्या अंगात बसत नाही, तसा एका कंपनीचा लोगो लागलेला माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. हे असंच सांग, लोकांना लगेच पटतं. निम्मे आधी, निम्मे माल उचलताना. ओळखीच्या माणसालाही तेच. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आईने आपल्याला उगाच नाही सांगितलं.

वेळेबद्दल बोलताना ‘होऊन जाईल’ यावर सोडू नकोस, आकडा दे आणि आकड्यामागचं कारण दे. भरतकामाचा एक लोगो सहा हजार टाक्यांचा. एका हेडची मशीन मिनिटाला सहाशे टाके घालते, म्हणजे नगाला दहा मिनिटं. १०० नगांना हजार मिनिटं, जवळजवळ सतरा तास. त्यात फ्रेम लावणं, धागा तुटणं, वीज जाणं धरलेलं नाही. पार्टीला हे सांगितलंस की ‘उद्या संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणणारा माणूस आपण होऊन तीन दिवस देतो. आणि दिवस मोजायचे ते ओके आणि ॲडव्हान्स आल्यापासून, चौकशी आल्यापासून नाही. हे आधीच सांगून ठेव, कारण साहेबांच्या टेबलावर नमुना आठ दिवस पडून राहतो आणि दिवाळी मात्र कोणासाठी थांबत नाही. कोरा माल तिरुपूरहून यायचा असेल तर ते दिवसही मोकळेपणाने त्यात धर.

फोनवर सगळं ठरलं की त्याच दिवशी लिहून पाठवायचं. मी साधारण असं लिहिते:

‘नमस्कार. आज ठरलं ते लिहून पाठवते. नेव्ही ब्लू कॉलरचे टी-शर्ट, २२० जीएसएम, १२० नग, साइजवार आकडे खाली दिले आहेत. डाव्या छातीवर लोगो, भरतकाम, रुंदी ३ इंच. पाठीवर आणि बाहीवर काही नाही. कामगारांची नावं नाहीत. दर नगाला ३८५ रुपये, जीएसटी वेगळा. पोच तुमच्या गेटवर, भाडं आमचं. नमुना ओके होऊन निम्मी रक्कम जमा झाल्यावर कामाचे १२ दिवस. काही राहिलं असेल तर कळवा. बरोबर असेल तर ‘ओके’ लिहून पाठवा. ते आल्यावरच कापड मागवते.’

यातल्या ‘पाठीवर काही नाही’ आणि ‘नावं नाहीत’ या वाक्यांकडे नीट बघ. काय देणार ते सगळेच लिहितात. काय देणार नाही ते लिहिलं की समोरच्याच्या मनात गृहीत धरलेलं बाहेर येतं. ‘अहो, पाठीवर वेबसाइट नाही का येणार?’ असा फोन त्याच दिवशी येतो, आणि तो त्याच दिवशी आलेला बरा. भाषेचंही बघ. पार्टी ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत लिही. साहेब हिंदीत बोलत असतील तर हिंदीत, मंडळाला मराठीत. अंगठ्याचं चित्र आलं तर तेवढ्यावर काम सुरू करू नकोस. नम्रपणे पुन्हा विचार, ‘ओके समजू ना?’

कधी कधी सगळं नीट करूनही अडतं. ट्रान्सपोर्टचा गठ्ठा अडकतो, मशीन बंद पडते, मुलगी आजारी पडते. अशा वेळी आपण बायका काय करतो, तर पार्टीचा फोन उचलायचं टाळतो आणि रात्रभर जागून भरून काढायला बघतो. तसं करू नकोस. कळल्याच्या तासाभरात तूच फोन कर, आणि अडचणीसोबत वाट घेऊन कर. ‘परवा १२० होणार नाहीत. ७० नक्की होतील, बाकीचे सोमवारी. पहिले कोणाला लागतात सांगा.’ मंडळ असेल तर ते म्हणतात, ढोल-ताशाच्या पथकाला आधी द्या, बाकीचे नंतर घालतील. दोन दिवस हाताशी असलेल्या माणसाला काहीतरी करता येतं, ऐनवेळी कळलेल्याला फक्त चिडता येतं. आणि चिडलाच, तर ऐकून घे. त्याच्याही गळ्याशी आलेलं असतं.

काही गोष्टींना मात्र पहिल्याच वाक्यात नाही म्हण. सिनेमातलं कार्टून, आयपीएलच्या संघाचं चिन्ह, दुसऱ्या ब्रँडचा लोगो, परवानगीचं पत्र असल्याशिवाय छापायचा नाही. १५ ऑगस्टला तिरंग्याची मागणी येते. रुमालावर, नॅपकिनवर, उशीवर तिरंगा चालत नाही आणि पोशाखात कमरेखाली चालत नाही. शिवाजी महाराजांचं चित्र कंपनीच्या जाहिरातीच्या वस्तूवर मागतात, तेव्हाही सांग की १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराच्या कायद्यात महाराजांचं नाव आणि चित्र आहे, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. रागाने नाही, आदरानेच सांग. बहुतेकांना हे माहीतच नसतं आणि ते ऐकतात.

पैशांचं शेवटी सांगते, पण हे मनापासून ऐक. तुझी उद्यम नोंदणी उत्पादनात किंवा सेवेत आहे ना, ते बघून घे. नुसती व्यापारात असेल तर थकलेल्या पैशाच्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. तू स्वतः छापतेस, म्हणून तुझं काम त्यात बसायला हवं, सीएला दाखव. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही लेखी, १५ दिवसांच्या आत. शिवाय २०२३-२४ पासून वेळेत न दिलेली आणि वर्षअखेर थकलेली ही रक्कम कंपनीला आयकरात त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून विचारतात. यातलं काहीही धमकी म्हणून वापरायचं नाही. कोटेशनवरच उद्यम क्रमांक आणि मुदत छापून ठेव, बिलावर पुन्हा छाप, आणि मुदतीच्या तीन दिवस आधी साधा निरोप पाठव: ‘अमुक बिलाची तारीख गुरुवारी आहे, आठवण म्हणून.’ मुदत उलटल्यावर मागताना आवाज चढतो, आधी आठवण करताना चढत नाही.

माल गेला, पैसे आले, तरी एक फोन राहू दे. महिन्याने विचार, चार धुण्यांनंतर छपाई कशी आहे, कोणाला माप घट्ट झालं का. लोक खरं सांगतात, कारण तेव्हा त्यांना काही मागायचं नसतं. आणि प्रत्येक ऑर्डरमधला एक नग जपून ठेव, त्यावर चिठ्ठी लावून: शाईचा कोड, कापडाचा लॉट, तारीख, ओके कोणी दिलं. पुढच्या वर्षी तीच पार्टी ‘मागच्यासारखंच द्या’ म्हणेल, पण नेव्ही ब्लूच्या दोन लॉटची शेड एक निघत नाही. नवीन कापड आलं की जुन्या नगाशेजारी ठेव, दिवसाच्या उजेडात फोटो काढ आणि विचार, ‘एवढा फरक आहे, चालेल का?’

तुझी दोन-तीन जुनी कोटेशनं मला पाठवून ठेव. रविवारी दुपारी आपण फोनवर एकेक ओळ घेऊन बघू.